बुटांना लागलेला चिखल

माझ्या भावाला नीट दिसत नाही, ही गोष्ट गिरणीला माझ्यामुळे कळली. मी गिरणीत जाऊन कुणाच्या कानात काही सांगितलं नव्हतं. चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांच्या देखत, एका पिक्चरच्या गोष्टीत त्याची चूक काढली, एवढंच. हा 'एवढंच' शब्द मी बरीच वर्षं वापरत आलो. आता तो वापरायचाही कंटाळा आला आहे.

आमची चाळ लालबागची. वडील लवकर गेले, म्हणून दादा शाळा सोडून गिरणीत लागला आणि साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला. त्याच्या कमाईवर मी मॅट्रिक झालो आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. घरात दादा, वहिनी आणि मी. खोली एकच, पण मला अभ्यासाला म्हणून खिडकीजवळचा कोपरा वहिनीने लग्न होऊन आली त्याच वर्षी मोकळा करून दिला होता. नोकरी लागल्यावरही तो कोपरा माझाच राहिला.

चाळीत एक रीत होती. पिक्चर बघून आलेल्या माणसाने तो एकट्याने पचवायचा नाही. पाळ्या, पोरं, चुली यांतून सगळ्यांना थेटरात जायला कुठे जमणार? तेव्हा जो जाईल त्याने रविवारी नाहीतर सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून सगळी गोष्ट सांगायची, पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत. बायका तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या, पुरुष कठड्याला टेकून विड्या ओढायचे. सांगणारे पुष्कळ होते, पण दादा सांगणार म्हटलं की खालच्या मजल्यावरची माणसंही वर यायची.

तो पालथ्या बादलीवर बसायचा. दार करकरलं की दातांतून आवाज काढायचा, घोड्याच्या टापा मांडीवर वाजवायचा. गाणी मात्र उरकून टाकायचा. "मग ती बागेत गाणं म्हणते. चांगलं आहे. पुढे..." की लोक हसायचे. शेजारी खाणावळ चालवणाऱ्या मावशी होत्या. त्यांना प्रत्येक गोष्टीत एकच काळजी. "अरे, पण तो सकाळपासून हिंडतोय, जेवला का?" दादा गंभीरपणे म्हणायचा, "जेवला मावशी. तुमच्याकडेच जेवला. पैसे महिन्याच्या शेवटी देतो म्हणाला." मग मावशी खूश.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. भिंतीभिंतींवर 'झालाच पाहिजे' लिहिलेलं, पहाटे प्रभातफेऱ्या, दुपारी मोर्चे, कधी हरताळ, कधी संचारबंदी. आज त्या दिवसांबद्दल लोक छाती काढून बोलतात आणि तसं बोलायला हरकत नाही. पण आमच्या घरापुरतं सांगायचं तर त्या दिवसांत सगळे फार थकलेले असायचे. मोर्चाहून आलं की पाळीला जायचं, पाळीहून आलं की कुणाचा मुलगा अजून घरी आला नाही म्हणून शोधायला जायचं. हरताळ असला की थेटरं बंद, गिरण्या बंद, आणि चाळीला दादाची बादली तेवढी उरायची.

तो पिक्चर दादाला मी दाखवला. पहिला पगार झाला होता आणि दादासाठी काहीतरी करावं असं मनात होतं. गिरगावातल्या थेटरात दुपारचा खेळ. लालबागहून ट्रामने गेलो. उतरल्यापासून दादाचा हात माझ्या खांद्यावर होता. भाऊ कमावता झाला म्हणून त्याला अभिमान वाटतोय, असं मी समजलो आणि ताठ चालायला लागलो.

काळा-पांढरा, खुनाचा पिक्चर. डोंगरावरच्या एका बंगल्यात एक शेठ मरतो. जिन्यावरून पडला असं आधी वाटतं, मग कुणीतरी ढकललं असं निघतं. संशय पुतण्यावर, ड्रायव्हरवर, स्वयंपाक्यावर. त्याच घरात शेठचा धाकटा भाऊ राहतो. सगळे त्याला काका म्हणतात. पायांनी अधू, सदा चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, बोलणं मऊ. त्याच्या देखभालीला एक नर्स ठेवलेली असते. तीच नायिका.

अर्धा पिक्चर झाला की एक प्रसंग येतो. त्याच्यासाठी मी पुढे तो पिक्चर कितीतरी वेळा बघितला. माणसं बोलत बोलत खोलीबाहेर जातात. खोलीत एकटे काका उरतात. संगीत थांबतं. कॅमेरा काकांच्या चेहऱ्यावर असतो, नेहमीचा भला चेहरा. मग कॅमेरा सावकाश खाली यायला लागतो. हात, शाल, शालीची किनार. शाल थोडी घसरलेली आहे. तिच्याखाली दोन बूट, आणि बुटांच्या तळांना ओला चिखल. कित्येक वर्षांत जमिनीला पाय न लावलेल्या माणसाच्या बुटांना. एक शब्द नाही. सगळं थेटर एकदम श्वास आत घेतं. आणि तेवढ्यात नर्स आत येते, काकांच्या चेहऱ्याकडे बघून हसते, आणि रोजच्या सवयीने, खाली न बघता, त्या बुटांवर शाल नीट पांघरते.

खुनी कोण हे आपल्याला अर्ध्यातच कळतं. तिला कळत नाही. पुढचा तासभर ती त्याला सूप भरवते, त्याची खुर्ची दरीच्या कडेने फिरवते, आणि आपण आपल्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो. रहस्य लपवून घाबरवणारे पिक्चर मी आधीही बघितले होते. सगळं सांगून टाकून घाबरवणारा हा पहिलाच. त्या वयात मला वाटलं, ज्याने हे केलं तो माणूस देव असला पाहिजे.

मी दादाकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता, पण थेटराने श्वास घेतला तेव्हा त्याने मान जरा वळवली. आवाज कुठून आला हे बघावं तशी. लगेच पुन्हा समोर.

बाहेर पडताना पायरीवर तो अडखळला. मी म्हणालो, "दादा, बूट! बूट बघितलेस ना?"

"बघितले तर," तो म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला. मग ट्राम येईपर्यंत तो नर्सच्या गाण्याबद्दल बोलत राहिला. गाण्यांबद्दल तो कधी बोलत नसे.

इथे मला नीट सांगायला हवं. त्याला दिसत नाही हे मला तेव्हा माहीत होतं, असं म्हणता येणार नाही. माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. घरात आमटीची वाटी त्याच्या हाताशी सरकवताना वहिनी ती ताटावर हलकेच वाजवायची. मी ते रोज ऐकत होतो.

पुढच्याच आठवड्यात हरताळ झाला. सकाळपासून रस्ता ओस, गॅलरी भरलेली. मोर्चात दादाला आदल्या दिवशी अश्रुधूर लागला होता, डोळे लाल होते. तरी लोकांनी त्याला बादलीवर बसवलंच. आमच्या मजल्याच्या टोकाला दादाच्याच खात्यातला जॉबर राहायचा. साच्यांवर माणसं लावणारा, त्यांच्या कापडाला वरती जबाबदार असणारा. तोही घरची खुर्ची घेऊन येऊन बसला. भला माणूस, पिक्चरचा वेडा.

दादाने सुरुवात केली. बंगला, धुकं, जिन्यावरून पडणारा शेठ. पडण्याचा आवाज त्याने बादलीवर असा काढला की मावशींच्या सुपातले तांदूळ सांडले.

"मेल्या, जीव घेशील!"

"मी नाही मावशी, खुनी वेगळाच आहे. थांबा जरा."

काकांचं पात्र त्याने फार मायेने उभं केलं. पाय गेलेला माणूस, भावाचं दुःख गिळून बसलेला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "बिचारा. त्याला जेवायला तरी वेळेवर देतात ना?"

मग तो प्रसंग आला. दादाने आवाज खाली आणला. "सगळे गेले. खोलीत काका एकटे. सगळं गप्प." गॅलरीही गप्प. "आणि मागच्या पडद्यातून हळूच, हळूच एक हात बाहेर येतो..."

बायका किंचाळल्या. जॉबरची विडी विझली. खरं सांगायचं तर फार चांगलं सांगत होता तो. बूट दिसले नव्हते, तेव्हा जे ऐकू आलं होतं त्यावरून त्याने आपलं काहीतरी रचलं होतं. संगीत थांबलं, लोक घाबरले, म्हणजे काहीतरी बाहेर आलं असणार. लोक त्या हातामागे निघाले होते. आणि मला ते सहन झालं नाही. माझा तो प्रसंग, माझ्या पगारातला पिक्चर, आणि त्यात हा कुठला हात घुसवतोय? शिवाय सगळी गॅलरी त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे कधी तशी बघत नव्हती. हेही होतं.

"हातबीत काही नाहीये," मी म्हणालो. "बूट दाखवलेत. काकांच्या बुटांना चिखल असतो. खुनी तोच आहे."

"अरे, फोडलं की रे याने!" मागून कुणीतरी ओरडलं. "धर त्याला!"

"गप रव रे," दादा हसत म्हणाला. "मी सांगतोय ना?"

"पण चुकीचं सांगतोयस. एवढे मोठे बूट, अख्ख्या पडद्यावर. तुला दिसले नाहीत?"

मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "पायरीसुद्धा दिसली नाही तुला त्या दिवशी. डोळे तपासून घे एकदा."

दादाचा चेहरा माझ्याकडे वळला, पण थोडा बाजूला. मी कुठे उभा आहे याचा अंदाज त्याने आवाजावरून घेतला होता आणि तो जरा चुकला होता. ते गॅलरीतल्या सगळ्यांना दिसलं.

"अश्रुधूर लागलाय ना," तो म्हणाला. "चुरचुरतंय."

"होय होय, धूर लय वाईट," मावशी लगेच म्हणाल्या. "गुलाबपाणी घाल." बाकीच्यांनीही माना हलवल्या. पण पिक्चर आम्ही बघितला होता त्या दिवशी धूर कुठे होता? विझलेली विडी हातात तशीच धरून जॉबर दादाच्या बोटांकडे बघत होता. मग खुर्ची उचलून आत गेला.

वहिनी दारात उभी होती. मी आत गेलो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "भावजीनू, तुमका गप रवाक जमला नाय?" त्यापेक्षा जास्त ती मला कधीच काही बोलली नाही.

मला मागाहून जे कळलं ते असं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं की डोळ्यांमागची शीर सुकते आहे, याला उपाय नाही. नळीतून बघावं तसं त्याला समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं आणि खालचं नाही, आणि ती नळी बारीक होत चालली होती. हे वहिनीला ठाऊक होतं. साच्यावर ताण्यातला धागा तुटला की विणकराला तो दिसावा लागतो, नाहीतर कापडात भोक पडतं. दादा दिसण्याची वाट बघत नसे. ताण्यावरून सारखी बोटं फिरवत राही. बरेच धागे सापडत, काही निसटत. गेले काही महिने भोकं पडलेलं कापड निघत होतं आणि ते कोणत्या पाळीचं, कोणाचं, हे जॉबरला उमगत नव्हतं.

हरताळ सुटला, भोंगा झाला. जॉबर त्या दिवशी दादाच्या मागे येऊन उभा राहिला. कडेचा एक धागा तुटलेला. दादाची बोटं अजून तिथवर पोचायची होती.

संध्याकाळी जॉबर आमच्या खोलीत आला. वहिनीने दिलेला चहा त्याने घेतला नाही. "माझी पण नोकरी आहे," तो म्हणाला. "वर मला विचारतात. मी दुसऱ्याच एका पोरावर डोळा ठेवून होतो रे. तुझं नाव मनातसुद्धा आलं नव्हतं." मग माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, "त्या दिवशी गॅलरीत उलगडलं."

दादा त्यालाच समजावत होता. "बरोबर आहे तुझं. आज ना उद्या कळणारच होतं."

हे वाक्य मी उचललं आणि पुढे अनेक वर्षं अंगावर पांघरून घेतलं. आज ना उद्या कळणारच होतं. खरंच होतं ते. पण उद्या आणि आज यांत फरक असतो. आणि कळायचंच होतं तर ते एखाद्या तुटलेल्या धाग्याने सांगितलं असतं. भावाने सांगायची गरज नव्हती.

साचे सुटले. शिवडीला एका गोदामात गोण्यांची तोंडं शिवायचं काम त्याला मिळालं. दाभण, सुतळी आणि बोटं, त्याला डोळे लागत नाहीत. संध्याकाळी तो यायचा तेव्हा अंगाला तागाचा वास आणि केसांत धूळ. वहिनी शिवणकाम करू लागली. मी पगार घरात देत होतो आणि त्यामुळे फिटलं असं समजत होतो.

दादाने पिक्चर सांगणं सोडलं. लोक मागे लागले तर म्हणायचा, "धाकट्याला सांगा. तो बरोबर सांगतो." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागायचं. एकदा मी बसलोही बादलीवर. एक पिक्चर सांगितला, अगदी बरोबर, एकही प्रसंग न गाळता. मध्येच मावशी भात बघायला म्हणून उठल्या त्या परत आल्या नाहीत. शेवटी दोन म्हातारे उरले, त्यांतला एक झोपला होता.

राज्य झालं त्या दिवशी चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. खाली ढोल वाजत होते. दादा गॅलरीत कठड्याला धरून उभा होता, चेहरा वर केलेला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. "कशा काय लावल्यात रे माळा?" त्याने विचारलं. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. मी म्हणालो, "दोन पदरी आहेत. मध्ये लाल दिवे." तो म्हणाला, "वा." आणि मी खाली ढोल बघायला गेलो.

मग माझं लग्न झालं, मी दादरला बिऱ्हाड केलं. मुलं झाली, पोट सुटलं, केस गेले. तो पिक्चर कुठे परत लागला की मी एकटाच जाऊन बघत असे. लोक म्हणायचे, काय हे वेड, खुनी तर माहीत आहे. त्यांना काय सांगणार? शाल पांघरताना ती खाली बघेल असं मला प्रत्येक वेळी वाटायचं, आणि ती कधी बघत नाही. त्या पिक्चरची एक गोष्ट मला उशिरा कळली. तिला वाचवायचा एकच मार्ग असतो, कुणीतरी बोलणं, आणि आपण थेटरात बसून ओठ आवळतो. मी मात्र जिथे आवळायला हवे होते तिथे आवळले नाहीत, आणि जिथे बोलायचं तिथे वर्षं काढली.

मागच्या हिवाळ्यात तो पिक्चर दादरला सकाळच्या खेळाला लागला. मी लालबागला गेलो आणि दादाला म्हणालो, "चल."

"मला घेऊन काय करतोस? तिकीट फुकट," तो म्हणाला. आता त्याला उजेड तेवढा कळतो. पण वहिनीने त्याचा सदरा काढून दिला.

थेटर अर्धंसुद्धा भरलेलं नव्हतं. मी त्याच्या कानाशी लागून हळू आवाजात सांगत होतो. संगीत थांबलं. त्याचा हात माझ्या मनगटावर आला.

"आता बूट ना?"

"हो."

"सांग."

मी सांगितलं. चेहऱ्यावरून कॅमेरा उतरतोय. हात. शाल. किनार. चिखल ओला आहे, चकाकतोय. ती आली. हसली. पांघरली शाल.

दादाने माझं मनगट सोडलं. मग म्हणाला, "हे माझ्या हातापेक्षा चांगलं आहे रे."

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"हां. हातच चांगला म्हणाला असतास तर उठून गेलो असतो."

परत चाळीत आलो तर गॅलरीत ऊन खात वहिनी आणि मावशी बसल्या होत्या. मावशी आता फार थकल्यात, खाणावळ केव्हाच बंद झाली. जॉबर नोकरी संपल्यावर गावी गेला आणि तिथेच वारला. ज्याच्या देखत बोलायला हवं होतं असा आणखी कुणी राहिला नव्हता.

"कुठे गेला होता रे दोघं?" मावशींनी विचारलं.

"पिक्चरला."

"मग सांगा की. कुणी सांगतच नाही हल्ली."

"धाकटा सांगेल," दादा सवयीने म्हणाला.

मी बसलो नाही. उभ्यानेच सुरुवात केली. बंगला, धुकं, शेठ. मावशींना काही आठवत नव्हतं. काका आले तसं त्या म्हणाल्या, "बिचारा." वहिनीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला सगळं आठवत होतं.

खोलीत काका एकटे, इथपर्यंत आलो आणि थांबलो.

"थांबलास का? पुढे?" मावशी म्हणाल्या.

मी दादाच्या समोर जाऊन उभा राहिलो, अगदी समोर, म्हणजे त्याला अंदाज घ्यायला लागू नये. म्हणालो, "दादा, याच जागी मी तुला सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, तुला दिसले नाहीत का म्हणून. तुला दिसत नाही हे मला आतून कळलं होतं, तरी विचारलं, कारण लोक तुझं ऐकत होते. तुझे साचे माझ्यामुळे गेले, आणि ती बादलीसुद्धा. वहिनी, तुम्ही पण ऐका. माझं चुकलं. मला माफ करा."